वसंताच्या सुरुवातीला परसबाग कशी सुरू करावी: आधी माती, मग बियाणे

वसंताच्या पहिल्या उबदार आठवड्यात घाईने जमिनीत लावलेले टोमॅटोचे रोप आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, माती चांगली तापल्यावर लावलेले रोप शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर अनेकदा दुसरेच रोप आधी जोम धरते. थंड मातीत मुळांची वाढ मंदावते आणि स्फुरदासारखी (फॉस्फरस) अन्नद्रव्ये त्यांना नीट उचलता येत नाहीत. पाने जांभळट दिसू लागतात, शेंडा थबकतो आणि वर कितीही छान ऊन पडलेले असले तरी रोप जागच्या जागी उभे राहते. हवा लवकर तापते, माती सावकाश तापते, आणि बाग सुरू करणाऱ्याने हिशेब धरायचा तो मातीचा. म्हणून वसंताचे पहिले काही आठवडे जागेची पाहणी, मातीची तयारी, थंडी सोसणाऱ्या मोजक्या पिकांची पेरणी आणि उष्णता मागणाऱ्या पिकांची रोपे घरात वाढवणे या कामांना द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. उत्तर गोलार्धात हा काळ मार्चच्या आसपास येतो आणि दक्षिण गोलार्धात सप्टेंबरच्या आसपास; परंतु नेमकी वेळ जागेगणिक बदलते, त्यामुळे पुढील सूचना तारखांऐवजी मातीत आणि हवेत दिसणाऱ्या खुणांवर आधारलेल्या आहेत.

जागेची निवड

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, घेवडा अशा फळे किंवा शेंगा देणाऱ्या पिकांना दिवसाला किमान सहा ते आठ तास थेट ऊन लागते. मुळा, गाजर, बीट या कंदमुळांचे चार ते सहा तासांत भागते, तर पालक, लेट्यूस, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्या तीन-चार तासांच्या उन्हातही समाधानकारक वाढतात. ऊन किती आहे हे अंदाजाने ठरवू नये. एखाद्या निरभ्र दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला जागेवर जाऊन सावली कोठपर्यंत आली आहे ते कागदावर काढलेल्या कच्च्या नकाशात नोंदवावे. एका दिवसाच्या या कामातून जेवढी माहिती मिळते तेवढी महिनाभर नुसते पाहून मिळत नाही.

मात्र वसंताच्या सुरुवातीला केलेली ही पाहणी दोन बाबतींत फसवू शकते. पानगळ झालेली झाडे अजून उघडी असतात, त्यामुळे आज जेथे भरपूर ऊन दिसते तेथे पालवी फुटल्यावर दाट सावली पडू शकते. याउलट, सूर्य अजून आकाशात तुलनेने खाली असल्यामुळे भिंती आणि कुंपण यांच्या सावल्या आज लांब पडतात आणि उन्हाळा जवळ येईल तशा त्या आखडतात. झाडाच्या बाजूला असलेले ऊन म्हणूनच सावधपणे मोजावे आणि भिंतीच्या बाजूची सावली पाहून लगेच निराश होऊ नये. मोठ्या झाडांपासून दूर राहण्याचे आणखी एक कारण असे, की त्यांची मुळे फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात आणि वाफ्यातले पाणी व अन्न तीच आधी उचलतात.

सखल, खोलगट जागा शक्यतो टाळावी. थंड हवा जड असल्याने ती रात्री उतारावरून खाली वाहत येऊन अशा खळग्यात साचते. थोड्या उंचावरची रोपे सुरक्षित राहतात त्याच रात्री खळग्यातली रोपे गोठतात. पाण्याचा नळ किंवा साठा जवळ असावा. वाफा घरातून येता-जाता नजरेस पडेल अशा ठिकाणी असला, तर कीड, तहान आणि तण वेळेवर लक्षात येते. बागेच्या अगदी टोकाला असलेल्या उत्तम जागेपेक्षा दाराजवळची बऱ्यापैकी जागा मला अधिक पसंत आहे. जुन्या घराच्या भिंतीला लागून बाग करायची असेल, तर पूर्वीच्या रंगांत शिसे वापरले जात असे आणि भिंतीवरून गळून पडलेले ते शिसे मातीत दीर्घकाळ टिकून राहते, हे ध्यानात घेऊन तेथील माती आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. घरात लहान मुले असतील तर ही तपासणी टाळू नये.

वाफ्याचा आकार

पहिल्या वर्षी एकच वाफा करावा, फार तर दोन. रुंदी 120 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, कारण दोन्ही बाजूंनी हात घातल्यावर मध्यापर्यंत पोचता आले पाहिजे आणि वाफ्यात पाय ठेवण्याची वेळ कधीच येता कामा नये. पायाखाली दबलेल्या मातीतली हवेची पोकळी नष्ट होते आणि ती पुन्हा तयार व्हायला फार काळ लागतो. वाफा भिंतीला लागून असेल तर हात एकाच बाजूने पोचतो, म्हणून रुंदी साधारण 60 सेंटिमीटर ठेवावी. 120 सेंटिमीटर रुंदीला लांबी 240 सेंटिमीटर घेतली तर सुमारे 2.9 चौरस मीटरचा वाफा होतो आणि तेवढा वाफा आठवड्यातून दोन-तीन वेळा थोडा वेळ देऊन एका व्यक्तीला स्वच्छ ठेवता येतो. दोन वाफ्यांमध्ये निदान 45 सेंटिमीटरची वाट सोडावी.

उंच वाढणारी आणि आधारावर चढणारी पिके उत्तर गोलार्धात वाफ्याच्या उत्तर टोकाला लावावीत, म्हणजे त्यांची सावली बुटक्या पिकांवर पडत नाही. दक्षिण गोलार्धात हे उलट करावे. जेथे पाणी साचते किंवा माती फार उशिरा तापते तेथे 15 ते 30 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करणे उत्तम, कारण तो लवकर निथळतो आणि वसंतात सभोवतालच्या जमिनीच्या आधी उबदार होतो. अर्थात त्याच कारणाने उन्हाळ्यात तो लवकर सुकतोही, म्हणून वालुकामय व झटकन कोरड्या पडणाऱ्या जमिनीत उंच वाफ्याचा अट्टहास करू नये.

मातीची ओळख

मातीचा पोत समजून घेण्यासाठी काचेची सरळ उभी बरणी पुरते. वाळलेली, चाळलेली माती बरणीच्या एक तृतीयांशापर्यंत भरावी, उरलेल्या जागेत पाणी व भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब घालून काही मिनिटे जोरात हलवावी आणि मग बरणी न हलवता ठेवून द्यावी. साधारण मिनिटाभरात वाळू तळाशी बसते, सुमारे दोन तासांत तिच्यावर गाळाचा थर बसतो आणि चिकण मातीचे सूक्ष्म कण बसायला एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. थरांची जाडी पट्टीने मोजली की प्रमाण कळते. वाळू आणि गाळ प्रत्येकी सुमारे 40 टक्के आणि चिकण 20 टक्के असेल, तर ती भाजीपाल्यासाठी फार चांगली पोयट्याची माती समजावी. प्रमाण वेगळे आले म्हणून बाहेरून वाळू आणून चिकण मातीत मिसळण्याच्या फंदात पडू नये. थोड्या वाळूने अशी माती मोकळी होण्याऐवजी आणखी घट्ट होण्याचा संभव असतो. दोन्ही टोकांच्या जमिनींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे चांगले कुजलेले सेंद्रिय खत.

निचरा पाहण्यासाठी 30 सेंटिमीटर खोल व तेवढाच रुंद खड्डा घ्यावा, पाण्याने भरून एकदा पूर्ण जिरू द्यावा आणि पुन्हा भरून पाणी तासाला किती उतरते ते मोजावे. ताशी अडीच ते पाच सेंटिमीटर पाणी उतरणे योग्य मानावे. त्याहून फार कमी उतरत असेल तर गादीवाफ्याशिवाय पर्याय नाही. मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लता (पीएच), बहुतेक भाज्यांना 6 ते 7 या दरम्यान मानवतो. चुना किंवा गंधक घालायचे असेल तर ते प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावर, त्यात सांगितलेल्या प्रमाणातच घालावे, कारण एकदा बिघडलेला सामू पूर्ववत करणे हे सावकाशीचे आणि कष्टाचे काम आहे.

वाफसा ओळखणे आणि वाफा तयार करणे

या सगळ्या कामांत सर्वाधिक संयम येथे लागतो. हिवाळ्याच्या अखेरीस जमिनीत पाणी मुरलेले असते, आणि वर दोन दिवस ऊन पडले की ती कोरडी दिसू लागते. पण आतून ती ओलीच असते. अशा ओल्या, विशेषतः चिकण, जमिनीत कुदळ घातली तर मातीचे कण एकमेकांवर दाबले जाऊन चोपडे होतात, त्यांच्यातली हवेची जागा नाहीशी होते आणि वाळल्यावर विटेसारखी कठीण ढेकळे उरतात. ही हानी त्या हंगामात भरून निघत नाही. एका आठवड्याच्या घाईची किंमत संपूर्ण वर्षभर मोजावी लागते, म्हणून वाफसा आल्याखेरीज, म्हणजे जमीन कामाला योग्य इतकीच ओलसर झाल्याखेरीज, तिला हात लावू नये.

वाफसा पाहण्याची पद्धत सोपी आहे. पृष्ठभागावरची माती न घेता दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती घेऊन ती तळहातात घट्ट दाबावी आणि मूठ उघडून गोळ्याला अंगठ्याने हलकेच टोचावे. गोळा सहज भुगा होऊन पडला, तर जमीन कामाला तयार आहे. गोळा तसाच राहिला, अंगठ्याचा ठसा त्याच्यावर उमटला किंवा बोटांतून पाणी पाझरले, तर परत जावे आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहावे. गोळा मुळी होतच नसेल, तर जमीन फार कोरडी आहे. तिला आदल्या दिवशी पाणी देऊन मग काम करावे.

वाफसा आल्यावर तण आणि गवत मुळासकट काढावे. बहुवार्षिक तणांची पांढरी, जमिनीखाली आडवी धावणारी मुळे तुटून आत राहिली, तर प्रत्येक तुकड्यातून नवे तण उगवते, त्यामुळे ती खुरप्याने सैल करून सबंध उपसून काढणेच श्रेयस्कर. त्यानंतर वाफ्यावर पाच सेंटिमीटर जाडीचा चांगल्या कुजलेल्या कंपोस्टचा किंवा शेणखताचा थर पसरून तो वरच्या 15 ते 20 सेंटिमीटर मातीत मिसळावा. वर सांगितलेल्या 120 बाय 240 सेंटिमीटरच्या वाफ्याला असे सुमारे 145 लिटर खत लागते. खत पूर्ण कुजलेले आहे की नाही हे त्याच्या गंधावरून कळते: त्याला ओल्या मातीचा वास येतो, मूळ पदार्थ ओळखता येत नाहीत आणि ढिगाच्या आत हात घातला तर ऊब लागत नाही. पेंढा, भुसा किंवा लाकडाचा कीस न कुजवता मातीत मिसळल्यास तो कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र (नायट्रोजन) वापरून टाकतात आणि रोपे पिवळी पडतात. ताजे शेण तर भाजीच्या वाफ्यात वसंतात अजिबात घालू नये, कारण त्यातून रोगजंतू भाजीवर येऊ शकतात. मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी ताज्या शेणाचा वापर आणि काढणी यांत किमान 120 दिवसांचे अंतर राखण्याचा दंडक सेंद्रिय शेतीच्या नियमांत आढळतो.

खणण्याचे कष्ट झेपत नसतील किंवा जमीन मुळातच भुसभुशीत असेल, तर न खणताही वाफा करता येतो. गवत जमिनीलगत कापून त्यावर रंगीत छपाई व चिकटपट्टी नसलेले पुठ्ठे एकमेकांवर चढवून अंथरावेत, ते पूर्ण भिजवावेत आणि वर 10 ते 15 सेंटिमीटर कंपोस्टचा थर द्यावा. प्रकाश न मिळाल्याने गवत मरते आणि पुठ्ठा काही महिन्यांत कुजून जातो. या पद्धतीला खत मात्र बरेच लागते आणि पहिल्या हंगामात लांब मुळे धरणारी गाजरासारखी पिके तीत नीट येत नाहीत. पालेभाज्या, कांद्याची रोपे आणि पुढे भोपळावर्गीय वेल मात्र उत्तम येतात.

शेवटी दंताळ्याने वाफा सपाट करून वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर अगदी बारीक करावा. शक्य असल्यास वाफा हलके पाणी देऊन आठ-दहा दिवस तसाच सोडावा. वरच्या थरातले तणाचे बी तेवढ्या काळात उगवते आणि खुरप्याच्या पात्याने वरवर खरवडून ते पेरणीच्या आधीच संपवता येते.

थंडी सोसणाऱ्या पिकांची पेरणी

मातीत खुपसता येणारा साधा तापमापक ही नवख्या माणसाने घ्यावी अशी पहिली वस्तू आहे. रोज सकाळी, ठरावीक वेळी, पाच ते दहा सेंटिमीटर खोलीवर तापमान पाहून लिहून ठेवावे आणि सलग चार-पाच दिवस ते अपेक्षित पातळीवर टिकले तरच पेरणी करावी. दुपारी घेतलेला आकडा चढा येतो आणि दिशाभूल करतो.

पालक, लेट्यूस, मुळा, वाटाणा आणि कांदा ही पिके माती सुमारे 5 अंश सेल्सिअसला असतानाही उगवू शकतात. गाजर, बीट व कोबी यांना 7 अंशांच्या पुढची माती बरी. उगवू शकणे आणि वेळेत उगवणे यांत मात्र मोठे अंतर आहे. गाजराच्या बियाला 5 अंशांच्या मातीत उगवायला सुमारे सात आठवडे लागतात, तर 20 अंशांत तेच बी आठवडाभरात वर येते. आणि जमिनीत फार काळ पडून राहिलेले बी कुजण्याचा किंवा किडीच्या तोंडी जाण्याचा धोका वाढत जातो. म्हणून 8 ते 10 अंशांपर्यंत वाट पाहणे सर्वसाधारणपणे शहाणपणाचे ठरते. पालकाला यातून सूट द्यावी. दिवस लांबू लागताच तो फुलोऱ्यावर येतो आणि पाने कडवट होतात, त्यामुळे त्याची पेरणी जितकी लवकर साधेल तितकी साधावी. लेट्यूसचे बी याउलट माती 27 अंशांच्या वर गेली की अनेकदा उगवतच नाही, म्हणून तेही याच हंगामात घ्यावे.

बी त्याच्या जाडीच्या निदान दोन ते तीन पट खोल पेरावे. वाटाणा तीन-चार सेंटिमीटर, मुळा एक ते दीड सेंटिमीटर, गाजर अर्धा सेंटिमीटर. लेट्यूसच्या बियाला उगवण्यासाठी प्रकाश हवा असतो, त्यामुळे ते पृष्ठभागावर टाकून फक्त दाबावे आणि वर मातीची चिमूट भुरभुरावी. ओळ पेरण्याआधी तिच्या खाचेत पाणी सोडून मग बी टाकणे चांगले, कारण पेरल्यावर दिलेल्या पाण्याच्या धारेने बारीक बी वाहून एका जागी गोळा होते. गाजराची उगवण सावकाश होत असल्यामुळे त्याच ओळीत मुळ्याचे थोडे बी विरळ टाकावे; मुळा गाजराच्या बराच आधी उगवून ओळ दाखवतो, मातीची पापडी फोडतो आणि गाजराला जागा लागण्याच्या सुमारास काढणीला येतो. मुळा आणि लेट्यूस यांचे सगळे बी एकाच दिवशी पेरू नये. दर दहा ते चौदा दिवसांनी एकेक लहान ओळ पेरली, तर भाजी एकदम न येता सलग मिळत राहते.

जुने बियाणे हाती असेल तर त्यातले दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून, झाकण असलेल्या डब्यात उबदार जागी ठेवून पाहावेत. आठ उगवले तर बी उत्तम आहे, पाच उगवले तर दुप्पट दाट पेरावे, आणि त्याहून कमी उगवले तर नवे आणावे. कांद्याचे बी साधारण वर्षभरच चांगले राहते. टोमॅटो आणि काकडीचे बी नीट साठवले तर चार-पाच वर्षे टिकते.

घरात वाढवायची रोपे

टोमॅटो, मिरची आणि वांगी यांचे बी घरात पेरायचे ते अखेरच्या गोठवणाऱ्या थंडीच्या अपेक्षित तारखेपासून मागे मोजून: मिरची व वांगी आठ ते दहा आठवडे आधी, टोमॅटो सहा ते आठ आठवडे आधी, आणि काकडी-भोपळ्यासारखे वेल जेमतेम तीन-चार आठवडे आधी, कारण त्यांच्या मुळांना हलवलेले सोसत नाही. जेथे थंडीने पाणी गोठतच नाही तेथे रात्रीचे तापमान स्थिरपणे 10 अंशांच्या वर जाण्याचा काळ धरून हाच हिशेब करावा. यापेक्षा लवकर पेरण्यात लाभ नाही. खिडकीत अडकून उंच व किडकिडीत झालेल्या रोपापेक्षा ठेंगणे, जाड खोडाचे लहान रोप जमिनीत फार लवकर रुजते.

बागेतली माती ट्रेमध्ये भरू नये. ती घट्ट बसते आणि तिच्यात बुरशी असते. भिजवून मोकळे केलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत यांचे हलके मिश्रण वापरावे, आणि ट्रेला तळाशी भोके असावीत. टोमॅटो व मिरचीला उगवणीसाठी 25 ते 30 अंशांची ऊब लागते, पण प्रकाश लागत नाही. उगवण झाली रे झाली, की मागणी उलटते: आता ऊब कमी असली तरी चालेल, पण प्रकाश भरपूर हवा. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक रोपे बिघडतात, कारण ट्रे उबदार, अंधाऱ्या जागेत एक-दोन दिवस जास्त राहतो आणि खोड सुतासारखे लांबते. पहिला कोंब दिसताच ट्रे सर्वांत उजळ खिडकीशी न्यावा आणि दररोज फिरवावा. एलईडी दिवा वापरत असल्यास तो दिवसाला 14 ते 16 तास चालू ठेवून रोपांच्या जवळ, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर टांगावा.

रोपे जमिनीलगत मऊ पडून एकाएकी कोलमडत असतील, तर तो पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या रोगकारकांमुळे होणारा रोपमर आहे. कोलमडलेले रोप वाचत नाही, म्हणून सगळी भिस्त प्रतिबंधावर. ट्रे आणि कुंड्या धुऊन घ्याव्यात, बी दाट पेरू नये, उगवणीनंतर वरचे झाकण काढून हवा खेळती ठेवावी आणि पाणी वरून न देता ट्रे पाण्याच्या पसरट भांड्यात थोडा वेळ ठेवून खालून शोषू द्यावे. सुरुवातीची दोन बीजदले उघडल्यानंतर खऱ्या पानांची पहिली जोडी आली, की प्रत्येक रोप पानाला धरून, खोडाला न दाबता, वेगळ्या लहान कुंडीत लावावे. टोमॅटोचे रोप या वेळी बीजदलांपर्यंत खोल लावले तर खोडालाही मुळे फुटतात.

रोपे बाहेर नेताना

घरातले रोप एकदम उन्हात आणि वाऱ्यात ठेवल्यास पाने पांढरी पडून करपतात, म्हणून सात ते दहा दिवस त्याला काटक करावे लागते. पहिल्या दिवशी आडोशाच्या सावलीत एक-दोन तास, मग दररोज थोडे अधिक, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सकाळचे कोवळे ऊन, आणि अखेरच्या दोन दिवसांत पूर्ण दिवस व, थंडी नसल्यास, रात्रही बाहेर, असा क्रम ठेवावा. या काळात पाणी थोडे कमी द्यावे, परंतु रोप कोमेजू देऊ नये. कोबी आणि लेट्यूस यांची रोपे अशी काटक झाल्यावर हलकी थंडी सोसतात. टोमॅटो मात्र माती किमान 15 अंशांना पोचल्यावरच बाहेर लावावा; मिरची, वांगी, काकडी आणि भेंडी यांना 18 अंशांची माती मिळाली तर ती अडखळत नाहीत. घेवड्याचे बी 15-16 अंशांच्या खाली पेरल्यास फुगून कुजते. लावणी ढगाळ दिवशी किंवा उन्हे उतरल्यावर करावी आणि लावल्याबरोबर मुळाशी पाणी द्यावे.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर ती रात्र धोक्याची समजावी, कारण अशा रात्री जमिनीची उष्णता अडथळ्याविना आकाशात निघून जाते. संध्याकाळीच कोरड्या वाफ्याला पाणी द्यावे, ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते. आणि सूर्यास्तापूर्वी काठ्यांच्या आधाराने वाफ्यावर कापड असे ताणावे, की त्याच्या कडा जमिनीला टेकतील पण पानांना ते लागणार नाही. प्लास्टिकचा पानाला स्पर्श झालेल्या जागी पान गोठते, म्हणून कापडच बरे. सकाळी ऊन आल्यावर आच्छादन न चुकता काढावे.

पाणी, विरळणी आणि आच्छादन

वाफ्याला पाऊस धरून आठवड्याला सुमारे अडीच सेंटिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर पाणी पुरते, आणि वसंताच्या थंड दिवसांत त्याहूनही कमी. उगवण होईपर्यंत वरचा थर सतत ओलसर राहावा म्हणून बारीक झारीने रोज थोडे पाणी द्यावे लागते. रोपे स्थिरावल्यावर मात्र दोन-तीन दिवसांच्या अंतराने भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे ओलाव्यामागे खोल जातात. पाणी द्यायचे की नाही हे बोट दोन पेरे मातीत खुपसून ठरवावे. सकाळची वेळ उत्तम, कारण पाने दिवसभरात सुकतात.

दाट उगवलेली रोपे पाहून विरळणी करवत नाही, हे समजण्यासारखे आहे, पण ती केलीच पाहिजे. पाच सेंटिमीटरपेक्षा जवळ वाढलेल्या मुळ्याला कंद धरत नाही आणि गाजरे एकमेकांत गुंततात. नको असलेली रोपे उपटण्याऐवजी कात्रीने मातीलगत छाटावीत. त्यामुळे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत. तण पांढऱ्या धाग्याएवढे असतानाच, कोरड्या दिवशी खुरप्याने वरच्यावर ढवळून काढावे. रात्री रोपे जमिनीलगत कातरली जात असतील तर प्रत्येक रोपाभोवती पुठ्ठ्याचे कडे दोन-तीन सेंटिमीटर जमिनीत रोवावे, आणि पानांना भोके पडून चकाकणारे चिकट पट्टे दिसत असतील तर अंधार पडल्यावर विजेरी घेऊन गोगलगाई वेचाव्यात.

वाळलेल्या पानांचे किंवा गवताचे आच्छादन ओलावा राखते आणि तण दाबते, परंतु ते वसंताच्या सुरुवातीला अंथरणे ही चूक आहे, कारण त्याखाली माती थंडच राहते आणि गोगलगाईंना आसरा मिळतो. माती 18 अंशांच्या आसपास पोचली आणि रोपे वीतभर झाली, की मग पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन खोडापासून थोडे अंतर सोडून घालावे.

कुंड्यांत बाग करणाऱ्यांना वरील सर्व सूचना लागू पडतात. फरक इतकाच, की कुंडीतले मिश्रण जमिनीआधी तापते आणि जमिनीआधी गोठतेही. लेट्यूस व मुळा यांना 15 ते 20 सेंटिमीटर खोली चालते, टोमॅटोच्या एका रोपाला मात्र किमान 20 लिटरची कुंडी द्यावी. तळाच्या भोकांवर खडे किंवा खापऱ्यांचा थर देण्याची गरज नाही. त्याने निचरा सुधारत नाही आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

पहिला मुळा आणि पालक निघून गेले, की त्यांच्या रिकाम्या ओळींत दोन-तीन मुठी कंपोस्ट मिसळून टोमॅटो, मिरची किंवा घेवडा लावावा. त्या वेळी कोणत्या भागात कोणत्या कुळातले पीक घेतले हे वहीत नकाशासह लिहून ठेवावे, कारण टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली पिके त्याच मातीत पुन्हा घेण्यापूर्वी मध्ये तीन वर्षे जाऊ द्यावी लागतात, आणि वाफ्यांची आखणी पुढच्या वसंतात याच नोंदीवरून करायची असते.